शिखर नसलेलं चित्र

पोळा होऊन गेला की आमच्या लोणारात गवत कापल्याचा वास सुटतो. शेतातल्या गवताचा वास वेगळा, हा वेगळा. हा दगडावर उगवलेल्या गवताचा वास असतो. त्यात शेवाळ असतं, वटवाघळांची घाण असते, आणि खालून सरोवराकडून येणारा उग्र, खारट वारा असतो. चार महिने पाऊस पिऊन आमची जुनी देवळं हिरवी होऊन बसतात. छतावर कंबरभर गवत, सांधीसांधीत तरोटा आणि आघाडा, कोपऱ्यात पिंपळाचं एखादं हट्टी रोप. मग मजुरांची टोळी येते आणि सगळं साफ करते. माझे वडील या कामाला देवाची हजामत म्हणायचे. ते आणि आई, दोघंही त्या टोळीत असायचे. उद्यापासून हजामतीला जायचं, असं म्हणत ते अंगणात विळ्यांना धार लावत बसायचे, आणि आई म्हणायची की देवाची करता, स्वतःची दाढी कधी करणार.

याच दिवसांत शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची गडबड सुरू होते. पोरी काखेत बोर्ड घेऊन फिरतात. नळाखाली रंगाच्या वाट्या खळबळतात आणि मोरीतून निळं-तांबडं पाणी वाहत जातं. ज्या शाळेत मी शिकले तिथेच आता चित्रकला शिकवते. आमच्या घरात आलेली पहिली पदवी माझी, आणि ती ज्या शाळेमुळे आली तिच्याबद्दल वाकडा शब्द काढायला माझी जीभ वळत नाही. इथे मला फुकट कागद मिळाला, फुकट रंग मिळाले, आणि पुढे नोकरीही मिळाली. तरीसुद्धा यंदाच्या या दिवसांत मला फार थकल्यासारखं झालं होतं. कामाने नव्हे, काम तर नेहमीचंच. एका चित्रामुळे.

ते चित्र आमच्या हॉलमध्ये, स्टेजच्या उजव्या भिंतीवर होतं. चांगलं पुरुषभर रुंद, तैलरंगातलं. सरोवराच्या काठचं एक पडकं देऊळ. मंडपाचे खांब उभे आहेत, गाभाऱ्याचं दार शाबूत आहे, वर शिखर नाही. जिथे शिखर असायला हवं तिथे एक तुटकी, ओबडधोबड कड आहे. कडेवर गवत, आणि गवतात उभी असलेली एक बाई. अंगठ्याएवढी. हिरवं लुगडं, कमरेला खोचलेला विळा, दोन्ही हात मागे पाठीवर. वाकून वाकून पाठ धरली की बाई क्षणभर सरळ होते ना, तशी. चेहरा नाही. एवढ्या लांबून तो दिसणारही नाही.

ती माझी आई आहे.

झालं असं, की यंदा संस्थेने हॉल नवा करायला घेतला. फरशी बदलली, पडदे आले, पंखे आले. दसऱ्याला उद्घाटन ठरलं. त्याआधी कोणीतरी वास्तूतलं कळणाऱ्या एका गृहस्थांना घेऊन आलं. ते हॉलभर फिरले, खिडक्यांची तोंडं बघितली, आणि या चित्रासमोर येऊन थांबले. पडक्या वास्तूचं चित्र लावू नये, प्रगती खुंटते, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की दहावीचा निकाल दोन-तीन वर्षांपासून घसरतो आहे. झालं. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, शाळा सुटल्यावर सोयाबीन सोंगायला जाणारी पोरं, सगळं बाजूला राहिलं आणि निकालाचं खापर एका पडक्या देवळावर फुटलं.

मुख्याध्यापक काळे सरांनी मला बोलावून घेतलं. काळे सर माणूस भला आहे. मला दोन वर्गांनी पुढे होते याच शाळेत, आणि कोणाला दुखवायचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर घाम येतो. तेव्हाही आला होता. संस्थेला पाठक सरांबद्दल आदरच आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. पाठक सर म्हणजे आमचे चित्रकलेचे मास्तर. हे चित्र त्यांचंच. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मग काळे सर हळूच मुद्द्यावर आले.

"काढून टाका असं कोणीच म्हणत नाही मॅडम. फक्त पूर्ण करा. वर शिखर बसवा, कळस, झेंडा. तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. तुमचा हात लागला तर सरांनाही चाललं असतं."

"आणि बाई?" मी विचारलं.

"कोणती बाई?"

मी त्यांना हॉलमध्ये घेऊन गेले. आधी शिकताना आणि पुढे नोकरीत, इतकी वर्षं ते चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी चष्मा वर केला, मान पुढे काढली.

"हो, आहे खरी. मी कधी बघितलीच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "पण एवढीशी तर आहे. आणि देवळाच्या डोक्यावर बाई उभी, ते नाहीतरी बरं दिसत नाही."

ती कोण आहे हे मी तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो भला माणूस फार ओशाळला असता, आणि ओशाळलेल्या माणसाला परत सावरायचंही काम माझ्याकडेच आलं असतं. तेवढी ताकद त्या दिवशी नव्हती. बघते म्हणाले आणि वर्गावर गेले.

वर्गात पोरींना स्मरणचित्राचा सराव दिला होता. ग्रेड परीक्षेत समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायचं ते स्थिरचित्र, आणि आठवून काढायचं ते स्मरणचित्र. विषय दिला होता, जुन्या देवळाला भेट. विषय मुद्दामच निवडला होता; लोणारच्या पोरींना देऊळ आठवायला कष्ट नकोत. त्या रोज त्याच्यासमोरून सायकलने येतात. कागद गोळा केले आणि बघते तर प्रत्येक देवळाला शिखर. उंच, निमुळतं, टोकाला सोनेरी कळस, वर फडकणारा झेंडा, मागे उगवता सूर्य. एकीनेही ती तुटकी कड काढली नव्हती. मी एका पोरीला विचारलं, हे शिखर तू कुठे पाहिलंस. ती म्हणाली, असतंच ना मॅडम.

असतंच ना. मला तिला रागवता येईना. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर असतं, मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक शुभ सकाळीत असतं. डोळ्यांनी रोज पाहिलेलं मागे पडतं आणि न पाहिलेलं स्मरणात जाऊन बसतं. मी कागदांवर मार्क देत राहिले. रंगसंगती चांगली होती.

पाठक सरांनी ते देऊळ तीनदा काढलं होतं. ग्रेड परीक्षेच्या आधी ते दर वर्षी आम्हाला तिन्ही चित्रं दाखवायचे. पहिली दोन छोटी, गुंडाळून ठेवलेली, तिसरं हे हॉलमधलं. पहिलं त्यांनी तरुणपणी काढलं होतं. रात्र, चांदणं, खांबांच्या लांब सावल्या, एक मोर. बघताना उगाच उदास वाटावं असं. सर म्हणायचे, तेव्हा मला पडकं म्हणजे सुंदर वाटायचं, कारण माझं स्वतःचं काहीच पडलेलं नव्हतं. दुसरं चित्र मधल्या वयातलं. त्यात देऊळ पुरं होतं. शिखर, भालदार, पालखी, नगारा. कुठल्याशा समारंभासाठी काढलेलं. ते दाखवताना सर हसायचे. शिखर कसं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी दुसऱ्याच कुठल्या तरी गावचं शिखर आणून इथे बसवलं होतं. टाळ्या मात्र याच चित्राला पडल्या, असं ते सांगायचे.

त्यांच्याकडे एक जुनं, कव्हर निघालेलं पुस्तक होतं. इंग्रज साहेबांनी आपल्याकडच्या पडक्या इमारतींची काढलेली चित्रं त्यात छापलेली होती. पडके घुमट, वेलींनी वेढलेल्या कमानी, आणि प्रत्येक चित्रात एका कोपऱ्यात उघडा माणूस किंवा डोक्यावर घागर घेतलेली बाई. आम्हाला वाटायचं, साहेबाला आपल्या लोकांचं काय कौतुक. सरांनी सांगितलं की ती माणसं मापासाठी आहेत. इमारत किती उंच आहे हे कळावं म्हणून चित्रकार खाली एक माणूस उभा करतो. त्याच्या जागी काठीही चालली असती.

ते ऐकल्यापासून माझ्या मनात एक गोष्ट रुतून बसली. हॉलमधलं चित्र तेव्हा नुकतंच लागलं होतं. मग माझी आईसुद्धा मापासाठीच का? हे विचारायला मला दोन वर्षं लागली. दहावी झाल्यावर, पेढे द्यायला सरांच्या घरी गेले तेव्हा विचारलं. सर बराच वेळ पेढ्याचा कागद नीट दुमडत बसले.

"आधी मापासाठीच घेतली," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. मग तिचा हात काढायला लागलो, पाठीवरचा. तो जमेना. त्या हातातच महिना गेला. देवळाकडे नंतर लक्षच राहिलं नाही."

त्या चित्राचा दिवस मला स्वच्छ आठवतो, कारण मी तिथे होते. सरांनी आम्हा परीक्षेच्या मुलांना सरावासाठी खाली नेलं होतं. दिवस असेच होते. ऊन चटका देणारं पण सावली गार. सीताफळांचे डोळे मोठे झालेले, वानरांची टोळी त्यांच्यावर नजर ठेवून. कुसळं सलवारीला चिकटत होती. आम्ही एका झाडाखाली बसलो. सर आपला स्टँड लावून जरा बाजूला. आणि देवळाच्या छतावर आई, वडील, आणखी चार जण. विळ्यांचा खस्स खस्स आवाज एकसारखा येत होता. मूठभर गवत वरून खाली पडायचं, त्याच्यामागे धूळ आणि नाकतोडे. मधूनच मुकादमाची हाक यायची, की दगडावर घाव बसू देऊ नका, सरकारी दगड आहे. त्यावर वडील म्हणाले, विळा पण आमचा घरचा आहे. सगळे हसले.

दुपारी टोळी सावलीला आली. सावली म्हणजे गाभारा. तिथे आता मूर्ती नाही, नुसतं रिकामं पीठ आहे. आईने त्या पीठापासून हातभर अंतर ठेवून फडकं पसरलं आणि भाकरी, ठेचा, कांदा काढला. मला बोलावलं, माझ्या मैत्रिणींना बोलावलं, सरांनाही बोलावलं. सर आले, मांडी घालून बसले आणि भाकरी मोडून घेतली. वर बघत ते म्हणाले, पुरं होतं तेव्हा हे देऊळ काय दिसत असेल.

वडील तेव्हा पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, तोंड पुसलं.

"पुरं होतं तवा आमाले कोन येऊ देत होतं मास्तर? पडलं म्हनून तं अथी बसून भाकर खाऊन राह्यलो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते चेष्टेच्या सुरातच बोलले, आणि टोळीतली माणसं पुन्हा हसली. सर हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला. आई वडिलांना म्हणाली, खा आता गुपचूप, मास्तरांच्या ताटात बोलता. ताट तर नव्हतंच, फडकं होतं.

जेवण झाल्यावर सर परत स्टँडकडे गेले ते थेट दिवस कलेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. टोळी पुढच्या देवळावर गेली तरी ते तिथेच बसलेले असायचे.

मी त्या दिवसाचा विचार किती वेळा केला असेल. वडील गेले, सर गेले. देवळाभोवती तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, निळी पाटी आली. वडिलांचं ते वाक्य माझ्या अंगात असं मुरलं आहे, की कुठलीही जुनी भग्न इमारत पाहिली की मला आधी तेच ऐकू येतं. सहलीला जाते तेव्हा बरोबरच्या मॅडम हळहळतात, काय वैभव असेल नाही. मीही हो म्हणते. वैभव होतंच. असा खांब घडवायला हात लागतो, आणि त्या हाताचं मला कौतुकच आहे. पण वैभवाच्या दारात उभं राहिलेल्या माझ्या पणजीचं काय झालं असतं, हाही प्रश्न माझ्या घरचाच आहे. तो मी कोणावर फेकून मारत नाही. फक्त तो जागचा हलतही नाही.

प्रत्येक काळ पडक्या भिंतींकडे स्वतःची गरज घेऊन येतो, असं मला वाटतं. साहेबाला तिथे दुसऱ्यांची पडझड बघायची होती. तरुणपणच्या सरांना चांदणं हवं होतं, समारंभवाल्यांना पालखी. मधल्या एका काळात घाम गाळणाऱ्या माणसाला चित्रात मान होता, आणि तेव्हाच्या संस्थेने हे चित्र कौतुकाने हॉलमध्ये लावलं. आता सगळ्यांना सगळं पुरं हवं आहे, नवं कोरं, लखलखीत. भिंत काही बोलत नाही. ती गवत उगवू देते.

हे सारं मी काळे सरांना सांगू शकले असते. संस्थेच्या बैठकीत उभं राहून बोलता आलं असतं. पण खरं सांगते, कंटाळा आला होता. प्रत्येक वेळी आपणच का समजावायचं, हा कंटाळा. त्यात उपकाराचं ओझं. ज्या शाळेने हातात ब्रश दिला तिनेच सांगितलं की एवढं मिटव, तर नाही कसं म्हणायचं. रंगांची पेटी घेऊन मी एकदा हॉलमध्ये गेलेही. रंगाऱ्याच्या घोडीवर चढले. जवळून पाहिलं तर लुगड्याच्या हिरव्या रंगाला बारीक भेगा पडल्या होत्या. एका ब्रशभर रंगाचं काम होतं. मी खाली उतरले.

घरी आईला सांगितलं. आई आता पंचाहत्तरीच्या घरात. गुडघे गेलेले, जिन्याला दोन्ही हातांनी धरून उतरते. तिने ते चित्र एकदाच पाहिलं होतं, माझ्या सत्काराला शाळेत आली होती तेव्हा, आणि तेव्हाही ती नाराजच होती. दिवसभर वाकून काम केलं ते त्या मास्तरला दिसलं नाही, आणि घटकाभर पाठ सरळ केली तेवढंच त्याने काढलं, अशी तिची तक्रार. लोक म्हणतील पंचफुला काम सोडून उभी राहायची. मुकादमाने पाहिलं असतं तर काय म्हणाला असता. हे ती आजही तितक्याच गंभीरपणे सांगते.

शिखराचं ऐकून ती लसूण सोलता सोलता थांबली.

"मंग बसव ना शिखर. मले खाली उतरव. किती सालाची तथी उभी हाय मी उन्हात. गुडघे दुखतात माह्ये."

मला हसू आलं आणि त्याच वेळी काहीतरी तुटल्यासारखंही झालं. तिचीच परवानगी मिळाली होती. आता अडवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि नेमकं तेच मला सोसेना.

रविवारी तिला म्हटलं, चल, खाली जाऊन येऊ. ती म्हणाली, काऊन? मी म्हटलं, सहज. रिक्षाने कुंपणापर्यंत गेलो. फाटकापासून देवळापर्यंतची वाट ती माझ्या खांद्यावर भार देऊन चालली, वाटेत दोनदा बसली. टोळी कामावर होती. नवी माणसं, ओळखीचं कोणी नाही. तोच वास. विळ्यांचा तोच आवाज, फक्त एकाच्या खिशातल्या मोबाइलवर गाणं वाजत होतं. देवळासमोरच्या एका पडलेल्या दगडावर आई बसली आणि डोळ्यांवर हात धरून वर बघू लागली.

इतकी वर्षं ती त्या छतावर चढली होती. खालून असं निवांत बसून तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. हे तिथे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

वर एक तरुण बाई कापत होती. अंगात साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल. बराच वेळ ती फक्त पाठ म्हणून दिसत होती. मग ती उठली. विळा कमरेला खोचला, दोन्ही हात मागे घेतले, पाठ ताणली आणि मान वर करून उभी राहिली. मागे नुसतं आभाळ. खाली तुटकी कड, तिच्या पायांशी गवत हलत होतं. फार तर चार श्वास. वरच्या बाईची नजर खाली आमच्याकडे गेली आणि ती घाईने पुन्हा वाकायला लागली, कोणी तपासायला आलं असं वाटलं असेल.

आईने ओरडून हाक दिली. तिचा आवाज अजून खणखणीत आहे.

"ऊभी राय व बाई, ऊभी राय. आमी काही सायेब नाही. जराशिक पाठ मोकळी कर."

वरची बाई हसली. पदराने तोंड पुसून पुन्हा सरळ झाली, म्हणाली, तुमी कोन व मावशी. आई म्हणाली, तुह्या आधीची. मग दोघी वरून-खालून बोलत राहिल्या. कोणत्या कोपऱ्यातला दगड हलतो, गांधीलमाश्यांचं पोळं अजून तिथंच आहे का, पिंपळ मुळासकट निघतो का नुसताच छाटता. मी बाजूला उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही.

परत निघताना आई फाटकाशी थांबली. मागे वळून पाहिलं.

"मी अशीच दिसत होती का व, सुजाता?"

"अशीच."

ती काही पावलं चालली. मग म्हणाली, "नोको उतरवू मले."

सोमवारी मी काळे सरांना सांगितलं की शिखर मला जमणार नाही. कारण सांगितलं, एका वाक्यात. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, मग स्वतःच उचलून प्यायले. संस्थेला काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाले. त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. भांडण झालं नाही, बैठक झाली नाही. दोन दिवसांनी शिपाई चित्र उतरवून व्हरांड्यात ठेवून गेला आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या घरी न्यायला सांगितलं. इतकं सोपं निघालं ते. मी रात्रंदिवस मनात जी भाषणं जुळवली होती ती तशीच राहिली. चित्र कोणाला नकोच होतं. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. रिक्षात ते आडवं बसेना, तेव्हा मी आणि काळे सर, दोघांनी धरून चालत घरी आणलं. वाटेत ते दोनदा थांबले आणि त्या बाईकडे बघितलं. घरात शिरल्यावर ते आईच्या पाया पडायला वाकले, आणि आई म्हणाली, हाव हाव, बसा, आधी ते नीट ठेवा.

दोन खोल्यांच्या घरात ते चित्र मावत नाही. समोरच्या भिंतीवर लावलं तर कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं. शेजारची बाई येऊन म्हणून गेली, पडकं घर कोणी घरात लावतं का. आई म्हणाली, आमाले सवय हाय.

दसऱ्याला हॉलचं उद्घाटन छान झालं. चित्राच्या जागी देवळाचा छापील फ्लेक्स लावला आहे. शिखर, कळस, झेंडा, सूर्य. दिसतो चांगला. फक्त तो जुन्या चित्रापेक्षा लहान आहे. भिंतीला नवा रंग दिला तेव्हा चित्र अजून तिथेच होतं, रंगाऱ्याने त्याच्या भोवतीनेच हात मारला. त्यामुळे फ्लेक्सच्या कडेने जुन्या पिवळट भिंतीची वीतभर पट्टी चारी बाजूंनी उरली आहे.

परवा सराव परीक्षा हॉलमध्ये घेतली. सगळ्या पोरी खाली मान घालून रंगवत होत्या. पाण्याच्या डब्यांत ब्रश फिरत होते. त्या शिखरवालीने, असतंच ना म्हणणारीने, मान वर करून भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं रंग वाळायची वाट बघते आहे.

"मॅडम, इथं आधी काय होतं?"

मी तिला म्हटलं, संध्याकाळी घरी ये, दाखवते. तुझ्या मैत्रिणींनाही आण.

आल्या तर आई त्यांना बसवेल, चहा ठेवायला मला आत पाठवेल, आणि त्या चित्राखाली पाय लांब करून बसून आधी हेच सांगेल, की ती तेव्हा काम सोडून उभी नव्हती.